कोकणातून विधानसभा लढवायची तर : वाडी, यादी आणि चौदा दिवस

२०२४ ची विधानसभा निवडणूक डोळ्यांसमोर ठेवा. १५ ऑक्टोबरला घोषणा, २२ ला अधिसूचना, २९ ला अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस, ३० ला छाननी, ४ नोव्हेंबरला माघार आणि २० ला मतदान. मतदान संपायच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो. म्हणजे कोण कोण रिंगणात आहे हे कळल्यावर हातात उरले जेमतेम चौदा दिवस. त्यात भाऊबीज ३ नोव्हेंबरला, भातकापणी ऐन भरात, आणि त्रिपुरी पौर्णिमेपासून गावोगावच्या जत्रा सुरू.

आता मतदारसंघ बघा. कणकवली म्हणजे कणकवली, देवगड आणि वैभववाडी. सावंतवाडी म्हणजे सावंतवाडी, वेंगुर्ला आणि दोडामार्ग. एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला सह्याद्रीचा घाट. मतदान केंद्रं तीनशेच्या आसपास, आणि एकेका केंद्राखाली चार-पाच वाड्या, त्याही डोंगर-व्हाळाच्या अल्याड-पल्याड. चौदा दिवसांत उमेदवार सगळीकडे पोहोचूच शकत नाही. जो पोहोचतो म्हणतो तो नुसता गाडीतून हात हलवून जातो. म्हणून कोकणातला प्रचार मुळात त्या चौदा दिवसांचा नसतोच. तो वर्षभर आधी, वाडीच्या पातळीवर आणि मतदार यादी हातात घेऊन झालेला असतो. शेवटचे दिवस उरतात ते केलेल्या कामाची उजळणी करायला. पुढचं सगळं हे गृहीत धरून लिहिलं आहे. पक्षाचं तिकीट असो की अपक्ष, पायऱ्या त्याच.

पहिली पायरी : यादी वाचणे

पोस्टर छापण्याआधी प्रत्येक केंद्राची यादी छापून घ्या. मोबाईलमधली नको, कागदावरची. अर्ध्या वाड्यांत रेंज नसते आणि माणसं कागदावर बोट ठेवूनच खरं बोलतात.

वाडीतल्या तीन जाणत्या माणसांना एकत्र बसवा. एक पुरुष, एक बचत गटातली बाई आणि एक पोरगा ज्याला कोण कुठे नोकरीला आहे ते माहीत आहे. एकेक नाव मोठ्याने वाचायचं आणि समोर खूण करायची : घरी आहे, मुंबईला आहे, गोव्याला आहे, मयत, लग्न होऊन गेली. दीडशे नावांच्या वाडीला दोन तास लागतात. पंचवीस-तीस नावं तरी अशी निघतात की ज्यांच्यापुढे काहीतरी काम लिहावं लागतं.

लेकी-सुनांचा घोळ सगळ्यात मोठा. सून पाच वर्षं वाडीत नांदते आहे, तिचं नाव अजून माहेरच्या यादीत. तिच्यासाठी पत्ता बदलण्याचा नमुना ८. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी नमुना ६, त्यासाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आता मिळतात. मयतांसाठी नाव वगळण्याचा नमुना ७, पण तो जपून. विरोधकाची माणसं ‘बाहेरगावी’ दाखवून गठ्ठ्याने नमुना ७ देण्याची हौस काहींना असते. खोट्या अर्जाला शिक्षा आहे, आणि गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही ते वेगळंच. मान्यताप्राप्त पक्षांना केंद्रावर स्वतःचा बीएलए, म्हणजे पक्षाचा केंद्र प्रतिनिधी, नेमता येतो आणि तो बीएलओकडे, म्हणजे यादीचं काम बघणाऱ्या सरकारी केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, दिवसाला दहापर्यंत अर्ज देऊ शकतो. अपक्षाने मतदारालाच ऑनलाइन अर्ज भरायला मदत करावी. हे सगळं आचारसंहितेच्या आधी उरकायला हवं, कारण अर्ज भरण्याची मुदत संपली की यादी गोठते.

मग साधं गणित. केंद्रावर ८०० मतदार, समजा ६५ टक्के मतदान, म्हणजे ५२०. सरळ लढत असेल तर २६१ नावं हवीत. आकडा नव्हे, नावं. ती कागदावर लिहिता येत नसतील तर त्या केंद्रावर तुमचं काम झालेलं नाही, मग तिथल्या बूथप्रमुखाने व्हॉट्सॲपवर कितीही अंगठे पाठवू देत.

एक सावधगिरी इथेच सांगतो. कोकणी माणूस दारात आलेल्याला नाही म्हणत नाही. पाणी देईल, चहा देईल, ‘मत तुमकाच’ असंही म्हणेल आणि हेच वाक्य संध्याकाळी दुसऱ्यालाही ऐकवेल. तो लबाडी करत नसतो, पाहुणचार करत असतो. तुमच्या कार्यकर्त्याने मात्र त्या घरापुढे लगेच बरोबरची खूण केलेली असते. बरोबरची खूण तेव्हाच करा जेव्हा त्या घरातलं कोणी तुमच्यासाठी काही काम अंगावर घेतं : बैठकीला खळं (घरापुढचं अंगण) देतं, शेजारणीला घेऊन येतं, एजंट म्हणून बसायला तयार होतं.

दुसरी पायरी : मुंबई

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ आणि सिंधुदुर्गात १,०३६ बायका होत्या. पुरुष कुठे गेले ते सांगायला नको. लालबाग-परळच्या चाळी ओसरल्या, आता चाकरमानी दिवा, डोंबिवली, नालासोपारा, विरारला. प्रत्येक गावाचं, कधी कधी वाडीचंही, मुंबई मंडळ असतं. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची वर्गणी, भजनी मंडळाचं साहित्य, सगळ्यात त्याचा शब्द चालतो.

यातले खूप जण गावच्या यादीत नसतात, आणि तरीही त्यांचं वजन असतं, कारण रविवारी रात्री गावी फोन जातो. म्हणून मंडळांच्या बैठका घ्या, पण निवडणुकीच्या चार-सहा महिने आधी, आणि भाषण करायला नव्हे, ऐकायला. गणपतीत ते सगळे एका जागी गावात भेटतात, शिमग्यालाही. गणपतीचे पाच-सात दिवस म्हणजे तुम्हाला वर्षातून मिळणारी सगळ्यात मोठी संधी. घरोघर आरतीला जा, प्रसाद घ्या, उमेदवारीचा उल्लेखही करू नका. तो शेजारचा करेल.

आता कायद्याचं. ज्यांचं नाव मुंबईतही आहे आणि गावातही, त्यांना एकीकडचं काढायला सांगा. दोन ठिकाणी नोंद बेकायदा आहे. २०२४ च्या लोकसभेत रत्नागिरी-सिंधुदुर्गात ७ मेला आणि मुंबईत २० मेला मतदान होतं, तेव्हा ‘दोन्हीकडे करूया’ म्हणणारे हुशार निघाले होते. विधानसभेला सगळीकडे एकाच दिवशी होतं, त्यामुळे तो मोह आपोआप कमी.

आणि मतदानासाठी मुंबईहून गाड्या भरून आणणे. हे उघड सांगितलेलं बरं : मतदाराची केंद्रापर्यंत ने-आण करायला उमेदवाराने वाहन पुरवणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार आहे. निवडून आल्यावर निवडणूक रद्द होऊ शकते. गणपतीला पक्षांच्या मोफत गाड्या सुटतात म्हणून मतदानालाही चालतं, अशी समजूत आहे ती चुकीची. येणाऱ्याने स्वतःच्या तिकिटाने यावं. तुम्ही फक्त आठवण करून द्या की कोकण रेल्वेचं आरक्षण वेळेवर काढा. तळकोकणातली जी पोरं गोव्यात कामाला जातात त्यांना सांगा की मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा त्यांचा हक्क आहे.

तिसरी पायरी : विषय, आणि कोणाच्या हातात काय

जाहीरनामा नंतर. आधी प्रत्येक पट्ट्याचा एकेक विषय पक्का समजून घ्या. दोडामार्गच्या तिलारी भागात हत्ती, सगळीकडच्या बागायतदारांना माकडं. आंबोली, गेळे, चौकुळला कबुलायतदार गावकर जमिनी, म्हणजे जुन्या कबुलायतीने गावकऱ्यांकडे सामाईक आलेल्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न. राजापुरात प्रकल्पांचा प्रश्न असा की एका घरात दोन मतं सापडतात. सिंधुदुर्गात गंभीर आजारी माणसाला आजही गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यावं लागतं, आणि यावर बोलताना लोक आवाज चढवत नाहीत, तपशील सांगतात. ते तपशील लिहून घ्या.

बंदरावर जाताना जास्त तयारी लागते. मच्छीमार म्हणजे एकच गठ्ठा नव्हे. रापणवाले, गिलनेटवाले, ट्रॉलरवाले आणि पर्ससीनवाले यांचे हितसंबंध एकमेकांच्या आड येतात. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनवर (माशांचा थवाच वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यावर) निर्बंध आणले, त्यावर मालवणात एक बोलून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात दुसरं बोलणारा उमेदवार संध्याकाळच्या आत पकडला जातो. व्हिडिओ फिरायला आता बंदरापासून बंदरापर्यंत होडी लागत नाही. राज्याची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत, त्यापलीकडे केंद्राचा अधिकार. एलईडी दिव्यांची मासेमारी बंद करू म्हणताना आमदार म्हणून तुम्ही गस्तीनौका, दंड आणि अंमलबजावणी यावरच बोलू शकता. तेवढंच बोला. मुंबई-गोवा महामार्गाचंही तसंच : तो राष्ट्रीय महामार्ग आहे, ‘मी पूर्ण करतो’ म्हणाल तर लोक हसतील.

लिलाव चालू असताना हात जोडत मध्ये घुसू नका. बाजूला थांबा, टोपल्या उचलल्या गेल्या की बोला. आणि जेटीवरची गर्दी मोजून खूश होऊ नका. बोटींवरचे बरेचसे खलाशी नेपाळ नाहीतर कर्नाटकातले असतात.

चौथी पायरी : अर्ज

वयाची २५ वर्षं पूर्ण, राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव. दुसऱ्या मतदारसंघात असेल तर यादीची प्रमाणित प्रत जोडायची. डिपॉझिट १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. संगमेश्वरसारखा तालुका एकाहून अधिक मतदारसंघांत विभागलेला आहे. तिथे तालुका एक म्हणून सूचक घेतला आणि तो दुसऱ्याच मतदारसंघाचा निघाला तर अर्ज उडाला. चार अर्ज भरता येतात. किमान दोन भरा आणि सूचक वेगवेगळे ठेवा. पक्षाने उमेदवारी दिल्याचे ए आणि बी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडले पाहिजेत. आत तुमच्यासह पाच माणसं, शंभर मीटरच्या आत तीन गाड्या. शपथ छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्यायची असते, गर्दीच्या नादात ती विसरू नका.

वेळ खातं ते नमुना २६ चं शपथपत्र. कोकणात जमीन क्वचितच एकट्याची असते. सातबारा उघडला की आजोबांचे भाऊ, त्यांची मुलं, मुंबईतल्या आत्या, वीस-बावीस नावं सामाईक. चार गुंठ्यांचा तुकडा, दोन कलमं त्यात, आणि तिसरा हिस्सा कोणाचा हे घरातही ठाऊक नाही. तरी प्रत्येक गट क्रमांक, तुमचा हिस्सा, वारसाने आलेली की विकत घेतलेली, आजचा अंदाजे बाजारभाव, सगळं लिहावं लागतं. पत्नी किंवा पतीचं आणि अवलंबितांचंही. तलाठ्याकडून उतारे दोन महिने आधी काढून ठेवा. एकही रकाना रिकामा नको. लागू नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’. रकाना रिकामा सोडला तर अधिकारी दुरुस्तीची संधी देतात, तरीही भरला नाही तर अर्ज बाद होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट केलं आहे. गुन्हे दाखल असतील, अगदी आंदोलनातले असले तरी, ते लिहायचे आणि माघारीनंतर प्रचार संपेपर्यंत तीन वेळा वर्तमानपत्रात व टीव्हीवर जाहीरही करायचे.

तुमच्याच नावाचे एक-दोन अपक्ष उगवतील. यंत्रावर उमेदवाराचा फोटो असतो, त्यामुळे पत्रकावरही अर्जासोबत दिलेलाच फोटो वापरा. निवडणुकीपुरती दाढी वाढवू नका.

पाचवी पायरी : पैसा

खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. तीनशे केंद्रांना भागली तर केंद्रामागे साधारण १३,३०० येतात. त्यातच गाड्या, सभा, छपाई, चहा-वडापाव. म्हणूनच मोठ्या सभांचा सोस मला पटत नाही. स्टार प्रचारकाच्या सभेत तुम्ही मंचावर बसलात किंवा तुमचं नाव-फोटो फलकावर लागला की खर्चाचा वाटा तुमच्या खात्यात पडतो. त्या एका संध्याकाळच्या पैशात तीस-चाळीस वाड्यांच्या बैठका होतात.

अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा. एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण प्रचारात रोखीने १०,००० पेक्षा जास्त देता येत नाहीत. मंडपवाल्याला आधीच सांगा की चेक घ्यावा लागेल. वस्तूंचे दर जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवतं. तुम्हाला भावाने गाडी फुकट दिली तरी दरसूचीप्रमाणे भाडं धरलं जातं. नोंदवही रोज रात्री भरा. निरीक्षकांकडून ती किमान तीन वेळा तपासली जाते आणि त्यांच्याकडे तुमच्या सभांचं स्वतःचं चित्रीकरण असतं. खुर्च्या ते मोजतात.

कार्यकर्त्याच्या गाडीत ५० हजारांपेक्षा जास्त रोकड सापडली तर जप्त होते. इन्सुली नाक्यावरून गोव्याची बाटली डिकीत टाकून येणारा उत्साही कार्यकर्ता प्रत्येक प्रचारात एक तरी असतोच. त्याला आधीच ओळखा आणि गाडीची चावी काढून घ्या.

पत्रकावर छापखान्याचं आणि प्रकाशकाचं नाव हवंच. समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीला पूर्वप्रमाणन लागतं. सभा आणि वाहनांची परवानगी निवडणूक आयोगाच्या ‘सुविधा’ पोर्टलवरून, ४८ तास आधी.

सहावी पायरी : ते चौदा दिवस

केंद्रांचे तीन गट करा. जिथे आपण पुढे आहोत, जिथे बरोबरीत आहोत, आणि जिथे काही केलं तरी उपयोग नाही. उमेदवाराचा बहुतेक वेळ दुसऱ्या गटात जायला हवा. प्रत्यक्षात तो पहिल्या गटात जातो, कारण तिथे हार मिळतात.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे खळा बैठक. दिवसा माणसं मळ्यात असतात, भात झोडायचं असतं, आभाळात परतीचा पाऊस दिसला तर कोणाला तुमची पत्रकं बघायला सवड नसते. सहानंतर माणूस घरी येतो. कोणाच्या तरी सारवलेल्या खळ्यात सतरंजी टाका, तीस-चाळीस माणसं. माईक नको. पहिली दहा मिनिटं तुम्ही, पुढची तीस त्यांनी. एक कार्यकर्ता फक्त लिहायला बसवा : कोणी काय विचारलं, काय उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका तरी प्रश्नाचं उत्तर फोनने गेलं पाहिजे. एका संध्याकाळी अशा तीन बैठका होतात. चौथी घेतली की ती दहानंतर जाते, आणि झोपमोड झालेली वाडी मत देत नाही.

खळं कोणाचं निवडता याला महत्त्व आहे. मानकऱ्याच्या घरी भेट द्या, तो त्याचा मान आहे, पण बैठक तिथेच ठेवली तर वाडीतले काही येणारच नाहीत. बौद्धवाडी, कोळीवाडा, मुस्लिम मोहल्ला, धनगरवाडी इथे स्वतंत्र जा, आणि तिथल्या माणसांना गावठाणात ‘बोलावून’ घेऊ नका. बायकांच्या बैठकीत तुमच्या पुरुष कार्यकर्त्यांनी मागे उभं राहून हसू नये, हे बजावून ठेवा.

देवळाची गोष्ट नाजूक आहे. नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणं ही तुमची श्रद्धा, त्याला हरकत नाही. पण देवळात प्रचाराची बैठक आचारसंहितेचा भंग आहे. आणि देवासमोर वाडीला शपथ घालणं, ‘शब्द मोडलास तर देव बघून घेईल’ असं म्हणणं, हे दैवी कोपाची भीती घालणं ठरतं, तोही भ्रष्ट आचारच. जत्रेत दशावतार बघायला जा, खाली बसून बघा, नारदाच्या तोंडी तुमचं नाव घालायला सांगू नका.

घरातल्या म्हाताऱ्यांची आठवण ठेवा. ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मतदान करता येतं, पण नमुना १२ डी अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. कोकणातल्या बंद पडत चाललेल्या वाड्यांत अशी माणसं भरपूर.

सातवी पायरी : मतदानाचा दिवस

आदल्या रात्री नवं काही करू नका. स्लिपा पोहोचल्या का बघा. त्या पांढऱ्या कागदावर, नाव-चिन्ह नसलेल्या हव्यात. तुमचं टेबल २०२४ मध्ये केंद्रापासून २०० मीटरबाहेर लावावं लागायचं, २०२५ पासून १०० मीटरबाहेर चालतं.

सातला मतदान असेल तर साडेपाचला अभिरूप मतदान सुरू होतं आणि किमान ५० मतं टाकून यंत्र तपासलं जातं. त्या वेळी घाटाखालच्या वाडीत काळोख असतो. म्हणून एजंट त्याच वाडीतला हवा, तालुक्याच्या ठिकाणाहून येणारा नको. त्याला डबा, पाणी आणि दुपारी बदली द्या. दर दोन तासांनी यादीवरून कोण आलं नाही ते टेबलाला कळलं पाहिजे, तिथून घरी माणूस जायला हवा. चालत, गाडी घेऊन नव्हे. मतदान संपल्यावर नमुना १७ सी ची (केंद्रावर किती मतं पडली त्या हिशेबाची) प्रत आणि मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटचा क्रमांक घेतल्याशिवाय एजंटने उठू नये.

आठवी पायरी : मोजणी आणि हिशेब

मोजणी एजंटांच्या हातात केंद्रनिहाय १७ सी चे आकडे द्या. यंत्रावरची एकूण संख्या त्याशी जुळते का, एवढंच त्यांनी बघायचं आणि जुळली नाही तर तिथल्या तिथे लेखी सांगायचं. पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या चिठ्ठी टाकून निवडून मोजल्या जातात, तोवर हॉल सोडू नका.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. हा नियम हरलेल्यालाही आहे, आणि हरलेलेच तो विसरतात. मग तीन वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरतात. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर डिपॉझिट जातं, अन्यथा परत मागता येतं. निवडणूक याचिकेची मुदत निकालापासून ४५ दिवस. तेवढे दिवस १७ सी, पावत्या, परवानग्या आणि खूण केलेल्या याद्या एका पेटीत ठेवा, आणि ती पेटी पक्ष कार्यालयात नको, स्वतःच्या घरी.